डॉलर स्टोअरचं सामान आणि आमची खळीची भुतं

लेकीकडे एडिसनला, न्यू जर्सीत, सहा महिन्यांसाठी आलेय. ऑक्टोबर लागताच नातवंडांनी हॅलोविनचा, म्हणजे 31 ऑक्टोबरला मुलं सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागतात त्या इथल्या भुताखेतांच्या सणाचा, धोशा लावला. समोरच्या अंगणात बारा फुटी सांगाडा उभा राहिला होता, तसाच त्यांना हवा होता. लेक म्हणाली, "आई, विकतचं काही नको. तू आहेस तर त्यांच्याकडून करून घे." कोल्हापूरला तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे मला तर हे फारच आवडलं.

सामान घराजवळच्या डॉलर स्टोअरमधून आणलं. नाव डॉलरचं असलं तरी बहुतेक वस्तू सव्वा डॉलरला होत्या. अकरा वस्तू घेतल्या, करासकट पंधरा डॉलरच्या आत.

सगळ्यात पैसा वसूल झाला तो जाळीच्या पांढऱ्या कापडात. मच्छरदाणीपेक्षा मऊ, सुती, आणि पाणी चटकन पिणारं. त्याची भुतं केली. लिटरच्या बाटलीवर फुगा बसवायचा, बाटलीला तार गुंडाळून दोन हात काढायचे आणि कापड खळीत बुडवून वरून सोडायचं. खाली प्लॅस्टिकची पिशवी, नाहीतर भूत टेबलालाच चिकटतं. दीड दिवस वाळू दिलं, मग टाचणीने फुगा फोडून बाटली अलगद काढली. आत काही नाही आणि भूत आपलं आपण उभं! पाच वर्षांचा नातू त्याच्याखाली हात घालघालून बघत होता. फुग्याचे तुकडे मात्र लगेच वेचा, लहान मुलं तोंडात घालतात.

खळ घरचीच केली, कारण त्या दुकानातला गोंद अगदी पाणचट निघाला. कापड त्यात बुडवलं तर वाळल्यावर लोळागोळा. मग वाटीभर पाण्यात दोन मोठे चमचे मैदा गुठळी न होऊ देता कालवला आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळत शिजवला. शाळेत बुकबाइंडिंगच्या खळीत कीड लागू नये म्हणून आम्ही मोरचूद घालायचो. तो विषारी, मुलांच्या कामात अजिबात नको. या खळीची भुतं पावसात मऊ पडतात, तेव्हा ती खिडकीच्या आत ठेवावीत.

काळा कागद घ्याच, पण त्याची जात ओळखून. खरखरीत आणि ठिसूळ असतो, दोनदा घडी घातली की घडीवरच फाटतो. वटवाघळं करायला एकच घडी पुरते: अर्धं वटवाघूळ काढायचं, कापायचं, उलगडायचं. नऊ वर्षांच्या नातीने तासाभरात तीस कापली. आरसा धरल्यासारखे दोन्ही पंख सारखे का येतात, हे तिला न सांगता कळलं, आणि शिक्षक म्हणून मला याहून जास्त काही नको असतं.

चिकटणारे हलते डोळे घेऊ नका. रात्रीच्या गारठ्यात निम्मे गळून पडले. पांढऱ्या कागदाचे गोल कापून खळीने लावले, ते अजून आहेत. बॅटरीचे छोटे दिवे सहा आणले, त्यातले दोन दुसऱ्याच दिवशी विझले. दिवा घेताना बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, ते नक्की बघा. ती बटणाएवढी बॅटरी पोटात गेली तर जीवावर बेतू शकतं.

एक छोटा भोपळा मोरपंखी रंगवला. नातवाला शेंगदाणा चालत नाही. असा भोपळा दारात दिसला की या घरी खाऊऐवजी स्टिकर किंवा खडूही मिळतात, हे इथे अनेकांना कळतं. 2014 पासून ही पद्धत देशभर रुजत गेली. असं काही न चालणारी मुलं दारोदार हिंडून गोळ्या गोळा करतात आणि घरी आल्यावर त्यातलं निम्मं काढून ठेवावं लागतं, म्हणून हा सव्वा डॉलर मला सगळ्यात मोलाचा वाटला.

शेवटी लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांवर केशरी पताका कागदाचे फाडलेले तुकडे खळीने लावले आणि आत दिवा ठेवला. नातीने काळे डोळे-तोंड एकाच बाजूला चिकटवलं. मागची बाजू कोरी का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आजी, दिवाळी बाराच दिवसांवर आहे ना? तेव्हा बरणी फिरवून ठेवायची."