एक बोर्ड, दोन चित्रकार: शेजारी बसून की आलटून-पालटून?

दोघांनी मिळून मिश्र माध्यमाची, म्हणजे रंग आणि चिकटवलेले कागद एकत्र असलेल्या चित्रांची, मालिका करायची तर सरळ दोन पद्धती आहेत. एकाच बोर्डापुढे बसून रंगवायचं-चिकटवायचं, नाहीतर बोर्ड एकमेकांकडे पाठवत राहायचं. एक जण सोलापूरच्या पूर्व भागात आणि दुसरा जुळे सोलापुरात राहत असला, त्यात दोघांच्या नोकऱ्या, की सोयीपोटी दुसरी पद्धत ठरून जाते. पण निवड सोयीवर करू नये. तुम्ही चिकटवलेल्या कागदावरून जोडीदारानं रंगाचा हात फिरवला तर चालेल का, आणि तो तुमच्यादेखत फिरवावा की माघारी, हे आधी स्वतःला विचारा.

शेजारी बसण्याचा खरा फायदा कोलाजमध्ये, म्हणजे तुकडे चिकटवून चित्र करण्यात, आहे. कागद एकदा चिकटला की फाडल्याशिवाय निघत नाही, म्हणून चिकटवण्याआधी तुकडे कोरडेच मांडून सरकवत बसावं लागतं, आणि तिथं दुसरे डोळे फार उपयोगी पडतात. आपल्याकडे माल तर भरपूर: जॅकार्ड मागावरचे (नक्षी विणणाऱ्या मागावरचे) भोकं पाडलेले जुने पुठ्ठे, टॉवेलच्या दशा, विडी बंडलांची लेबलं, मराठी-तेलुगू-कन्नड-उर्दूतल्या लग्नपत्रिका. जोडीतला एक तेलुगू घरातला असेल तर आणखी मजा. ज्याला वाचता येत नाही त्याला त्या अक्षरांचे गोल वळसे दिसतात, ज्याला येतं त्याला आधी मजकूरच दिसतो. नुसता आकार म्हणून लावलेला तुकडा कुणाच्या तरी श्राद्धाची पत्रिका निघायची! हे समोरासमोरच कळतं.

तोटा मात्र मोठा आहे: भीड. जोडीदार समोर असताना त्याचा चांगला जमलेला कोपरा झाकायला हात धजत नाही. मग न सांगता बोर्डाच्या मधोमध रेघ पडते, अर्धं तुझं, अर्धं माझं. अशी सभ्य चित्रं पुष्कळ पाहिली आहेत. हान्स आर्प आणि सोफी टॉयबर या युरोपातल्या कलाकार जोडीनं १९१८च्या सुमारास एकत्र कोलाज केली, तेव्हा त्यांनी कागद यंत्रावर सरळ कापून घेतले. कुणाचा हात कुठला, हे दिसूच नये म्हणून. तेवढी शिस्त असेल तर भीड आड येत नाही.

आलटून-पालटून करताना धाडस आपोआप येतं. अमेरिकन चित्रकार वॉरहॉल आणि बास्किया यांची १९८४-८५ची चित्रं अशीच झाली: बहुतेकदा वॉरहॉल कंपन्यांची बोधचिन्हं किंवा मथळे रंगवून सुरुवात करायचा, मग बास्किया त्यावरून रंगवायचा. १९८५च्या न्यूयॉर्कच्या प्रदर्शनावर समीक्षकांनी टीका केली, पण एकमेकांना झाकण्यात त्यांनी हयगय केली नव्हती. दुसरं, सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या वर अ‍ॅक्रिलिक (पाण्यात मिसळायचा रंग) बघता बघता सुकतं, त्यामुळे दोघांनी ओल्या रंगात रंग मिसळायचं विसरा. थरावर थर चढवणाऱ्याला मात्र हेच हवामान सोयीचं.

या पद्धतीत घोळ होतो तो साहित्याचा. एकानं तेलरंग लावला आणि दुसऱ्यानं त्यावर अ‍ॅक्रिलिक चढवलं तर थर पुढे सुटतो, उलटं चालतं. इंकजेटची प्रिंट ओल्या डिंकानं फुटते, लेझरची झेरॉक्स टिकते. वर्तमानपत्र पिवळं पडणारच, ते धरूनच लावा. खळीला कसर लागते, त्यापेक्षा अ‍ॅक्रिलिक मीडियम (त्याच जातीचा, पण रंग नसलेला चिकट द्रव) बरं. मागावरच्या पुठ्ठ्याला तेलाचा हात लागलेला असेल तर तो भाग वापरूच नका. कुठला थर कशाचा, हे बोर्डाच्या मागे पेन्सिलीनं लिहूनच बोर्ड पुढे पाठवा.

मला विचाराल तर पहिली कोरडी मांडणी एकत्र बसून करा, त्यानंतर बोर्ड फिरू द्या. अपवाद दोन: प्रदर्शनाची तारीख डोक्यावर असेल, किंवा एकाचं काम बारीक रेषेचं आणि दुसऱ्याचं रुंद ब्रशचं असेल. तिथं फिरवाफिरवीत बारीक काम दरवेळी गाडलं जातं, म्हणून शेजारीच बसा.

हक्कांच्या बाबतीत दोन्ही पद्धती सारख्याच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार दोघांचा वाटा वेगळा काढता येत नसेल तर ते संयुक्त काम ठरतं, आणि हक्क दोघांपैकी मागे राहील त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. किंमत, खर्चाची वाटणी, न विकलेली चित्रं कुणाकडे राहणार आणि चित्र पूर्ण झालं असं कोण म्हणणार, एवढं पहिला बोर्ड आणण्याआधीच कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.