यूट्यूबची हिस्टरी: चालू ठेवावी की बंद?

मावशी यूट्यूबवर भजनं ऐकते, पाककृती बघते. "हिस्टरी बंद करू का रे?" म्हणाली (हिस्टरी म्हणजे आपण काय काय पाहिलं याची यूट्यूबने ठेवलेली नोंद), म्हणून दोन्ही प्रकार तिच्याच फोनवर लावून पाहिले.

कष्ट: चालू असेल तर समोर आयतं येतं. बंद करून जुनी पुसली, तर २०२३ पासून होम जवळपास कोरंच दिसतं. शोधावं लागतं किंवा सबस्क्रिप्शनमध्ये जावं लागतं. मावशीला मराठी टाइप करणं जड जातं, पण माइक दाबून "विठ्ठलाचे अभंग" म्हटलं की काम होतं.

ताबा: इथे बंदच बरी. चालू असताना नातवाने दोन कार्टून पाहिली की तशीच आणखी सुचू लागतात. तेवढीच दोन हिस्टरीतून काढून टाकता येतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

नवं सापडणं: चालूच सरस.

फोन घरभर फिरतो, चॅनेल ठरलेली आहेत, तर बंद. फोन एकटीचा आणि नवं ऐकायची हौस, तर चालू. मावशीची चालूच ठेवली.