अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल, वर्षभर वापरून
आमच्याकडे बहुतेकांचे फोन स्वतःचेच, त्यावरच ऑफिसचे मेल, आणि ते सगळं सांभाळायचं मी, म्हणून वर्क प्रोफाइल, म्हणजे त्याच फोनमध्ये ऑफिसच्या अ‍ॅप आणि डेटासाठीचा वेगळा कप्पा, मला मनापासून आवडलंय. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून आहे हे. ऑफिसच्या अ‍ॅपवर छोटीशी बॅग दिसते, तिथला मजकूर पर्सनल चॅटमध्ये पेस्ट होऊ नये हे पॉलिसीत, म्हणजे ऑफिसने ठरवलेल्या नियमांत, लावता येतं, संध्याकाळी प्रोफाइल पॉज केलं की मेल शांत. परवा एकीचा फोन हरवला, मी फक्त प्रोफाइल पुसलं, नंतर फोन सोफ्याखाली सापडला तर मुलाचे फोटो सगळे जसेच्या तसे! आधीच्या सिस्टीममध्ये अख्खा फोनच कोरा व्हायचा, लोकांची तोंडं बघवायची नाहीत. कॉन्टॅक्ट दोन ठिकाणी दिसले की नवीन माणूस हमखास गोंधळतो, त्याला पहिल्याच दिवशी शेजारी बसवून दाखवा.