कृष्णधवल झाडे : फिल्म घ्यावी की डिजिटल?

रानातल्या झाडांची कृष्णधवल छायाचित्रे मनापासून काढायची असतील, तर फिल्मवर काढून रोल घरीच धुवावा की डिजिटल कॅमेऱ्यात रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घेऊन संगणकावर रंग काढून टाकावेत, असे मला अधूनमधून विचारले जाते. दोन्ही मी सोलापुरात राहूनच केले असल्याने माझे मत इथल्या हवापाण्यावर बेतलेले आहे, हे आधीच सांगतो.

नुसत्या चित्राचा विचार केला तर मला फिल्म किंचित सरस वाटते. सिद्धेश्वर वनविहारात भिंगापुढे लाल फिल्टर (रंगीत काच) लावून काढलेल्या हिवराचा फिकट बुंधा गडद आकाशापुढे जसा उठून दिसतो, तसा संगणकावर निळा रंग खाली ओढून, म्हणजे गडद करून, दिसत नाही; तिथे बारीक फांद्यांच्या कडेने पांढरट किनार उमटते. उलट, पानांचा उजळपणा फिल्मवर आधीच फिल्टर निवडून ठरवावा लागतो, तर डिजिटलमध्ये पिवळा रंग थोडा उजळवला की बाभळीची काळी, भेगाळलेली साल तशीच राहून पाने उजळतात.

माझा निर्णय मात्र पाण्याने केला. एचपी५ प्लस ही फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या रसायनात) १+१ प्रमाणात, म्हणजे तितकेच पाणी मिसळून, २० अंशांवर १३ मिनिटे ठेवायची असते, आणि मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. डेव्हलपर बर्फाच्या पिशवीने थंड होतो. पण रसायने काढून टाकणाऱ्या शेवटच्या धुण्याच्या पाण्याचे काय? नळ काही दिवसांआड येत असल्याने मी फिल्मचा डबा तीनदा पाण्याने भरून अनुक्रमे ५, १० आणि २० वेळा उलटसुलट करण्याची इलफर्ड या फिल्म कंपनीची पद्धत वापरतो. तिने पाणी वाचते, पण तेही आधीच्या द्रावणांच्या तापमानापासून पाच अंशांच्या आतलेच हवे. एकदा कंटाळून मी थेट टाकीचे पाणी ओतले. रिळावरून काढताना गरम पाण्याने मऊ पडलेल्या फिल्मच्या थरावर नख लागले आणि रोलवरच्या बारा चित्रांपैकी सर्वांत चांगल्या हिवरावर आडवा ओरखडा उठला.

थंड हवेच्या गावी राहणाऱ्याने कदाचित फिल्मच घ्यावी. इथे राहून एकच निवडायचे असेल, तर मी डिजिटलकडे झुकेन. डिसेंबर-जानेवारीत दोन-चार रोल धुतो. एरवी निळा रंग जरा बेतानेच खाली ओढतो.