जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डसाठी पिस्टन किट: डब्यावरचं वाचू नका, पिस्टनच्या डोक्यावरचं वाचा

पाचपैकी साडेतीन चांदण्या. धातूला साडेचार, डबा आणि त्यातल्या चिल्लर सामानाला अडीच.

मोटर आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे टांगायची, दोन सिलिंडरची, पाण्याने थंड होणारी, पिस्टनच्या डोक्यावर कुबड असलेल्या जुन्या घडणीची. मूळ पिस्टन आता मिळत नाही, म्हणून हे बाहेरच्या बनावटीचं किट घेतलं. एक पिस्टन, दोन रिंगा, एक गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी), ती पिन जागेवर धरणाऱ्या दोन सर्क्लिपा. विकताना ‘संपूर्ण किट’ म्हणतात. गॅस्केट नाही, पिनच्या बेअरिंगच्या सुया नाहीत. संपूर्ण कशाचं, ते त्यांनाच ठाऊक.

आधी बिघाड सांगते, कारण त्याशिवाय किटचं बरंवाईट कळणार नाही. पूर्ण वेगात असताना आवाज भरड झाला, पत्रा ओरबाडल्यासारखा, आणि मोटर आपणहून मंदावत बंद पडली. थंड झाल्यावर दोरी ओढली तर अर्धी ओढ नेहमीसारखी जड आणि अर्धी मऊ. सिलिंडरमधला दाब मोजणारा काँप्रेशन गेज लावला: खालच्या सिलिंडरला ११५ पीएसआय, वरच्याला ६०. वरचा प्लग काढला तर त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर टाचणीच्या टोकाएवढे चंदेरी ठिपके. ते अॅल्युमिनियम, म्हणजे पिस्टनच वितळून तिथे जाऊन बसला होता. हेड उघडायच्या आधीच निकाल हातात आला.

हेडचे बोल्ट खाऱ्या पाण्याने धरलेले होते. दोन दिवस गंज सोडवणारं तेल, मग गॅसच्या बत्तीने ऊब, मग थोडं सैल, थोडं घट्ट, पुन्हा थोडं सैल. एकही तुटला नाही, याचा मला पिस्टन बसवल्यापेक्षा जास्त अभिमान आहे. आत पिस्टनची एक्झॉस्टकडची बाजू उभ्या रेघांनी सोललेली, आणि खालची रिंग तिच्या खाचेत अॅल्युमिनियमखाली पुरलेली. बोअरच्या, म्हणजे पिस्टन ज्या पोकळीत सरकतो तिच्या, भिंतीवरही तोच अॅल्युमिनियमचा चिखल फासलेला.

बोअर वाचेल या आशेने कापसाच्या बोळ्याने हायड्रोक्लोरिक अॅसिड लावलं. अॅल्युमिनियम असतं तिथे फेस येतो, ते संपलं की फेस थांबतो. बोअरची आतली नळी, म्हणजे स्लीव्ह, ओतीव लोखंडाची असल्यामुळे तेवढ्या वेळात तिला फारसं काही होत नाही, पण बाहेरचा ब्लॉक अॅल्युमिनियमचा असतो, म्हणून एकही थेंब बाहेर ओघळू द्यायचा नाही. लगेच भरपूर पाणी, लगेच तेल. साफ झाल्यावर भिंतीवरून नख फिरवलं, तर दोन ठिकाणी अडकलं. नख अडकतंय तिथे होनिंगने, म्हणजे नुसतं घासून, भागत नाही. रीबोअर, म्हणजे बोअर कापून मोठा करणं, आलंच.

लेथवाल्याकडे ब्लॉक घेऊन गेले तर त्याने हातही लावला नाही. ‘ताई, आधी पिस्टन आणा, मग बोअर.’ अगदी बरोबर बोलला. पिस्टन मोजून, त्यात मॅन्युअलमधली फट मिळवून मगच बोअर कापायचा असतो. डब्यावरच्या आकड्यावर विसंबून नाही.

आणि तिथेच हे किट पहिल्यांदा नापास झालं. डब्यावर ०.५० ओव्हरसाइज (म्हणजे ०.५० मिलिमीटर मोठा), आत स्टँडर्ड साइजचा पिस्टन! डोक्यावर ०.५० कोरलेलं दिसेना म्हणून मायक्रोमीटर काढला. स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या घेराच्या) तळाजवळ, पिनच्या काटकोनात मोजायचं, कारण पिस्टन वर निमुळता असतो आणि गोलही नसतो. माप थेट जुन्या पिस्टनचं निघालं. विक्रेत्याने कुरकुर न करता बदलून दिला, पण ब्लॉक आधीच कापून बसले असते तर?

दुसरा पिस्टन मात्र खरंच चांगला निघाला. ओतकाम स्वच्छ, रिंगांच्या खाचांत कणभरही कचरा नाही, पिन अंगठ्याच्या दाबाने सरकते पण डुगडुगत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर खालच्या सिलिंडरमधल्या मूळ पिस्टनशी तोलून पाहिला, फरक २ ग्रॅम. इथे साडेचार चांदण्या मनापासून.

रिंगांना थोडं काम लागलं. रिंग बोअरमध्ये घालून पिस्टनच्याच डोक्याने सरळ आत ढकलली आणि तोंडाची फट फीलर गेजने मोजली, तर ०.१० मिलिमीटर. माझ्या मॅन्युअलला किमान ०.२० हवी. तशीच घातली असती तर गरम होऊन टोकं एकमेकांना भिडली असती, आणि पुन्हा तेच ओरबाडणं. बारीक कानशीने बाहेरून आत, चार-चार फटके मारत आणि दर वेळी मोजत ०.२५ वर आणली. किटमध्ये याबद्दल एक ओळ नाही. कागद आहे, पण त्यावर फक्त आभार मानलेत.

लेथवाल्याला एक गोष्ट मुद्दाम सांगितली, ती तुम्हीही सांगा. टू-स्ट्रोकचा बोअर नुसता गुळगुळीत करून चालत नाही, त्याच्या भिंतीत खिडक्या असतात. कापल्यावर त्या खिडक्यांच्या, म्हणजे पोर्टच्या, कडा सुरीसारख्या होतात, त्या किंचित मारून घ्याव्या लागतात. नाहीतर रिंग तिथे अडकून तुटते. रिंगच्या खाचेतली ती बारीक पिनही त्याचसाठी असते: रिंगचं तोंड तिथेच राहावं, फिरून खिडकीत जाऊ नये.

आता सर्क्लिपा. एक चिमट्यात दाबून सोडली, ती दाबलेलीच राहिली. ही सुटली तर पिन बाहेर सरकून बोअर खाणार. दोन्ही फेकल्या, मूळ कंपनीच्या आणल्या. जुन्या पुन्हा वापरायचा मोह झाला होता, तो टाळला.

पिस्टन कनेक्टिंग रॉडवर बसवताना कुबडाचा उभा कडा ट्रान्स्फर पोर्टकडे (जिथून ताजं मिश्रण आत येतं) आणि लांब उतार एक्झॉस्टकडे. बेअरिंगच्या सुया सुट्या, ग्रीसमध्ये चिकटवून एकेक लावायच्या. शेवटची लावताना मोजल्या तर एक कमी. धाकटा भाऊ आणि मी अर्धा तास जमिनीवर रांगत होतो. ती माझ्याच बाहीला ग्रीसने चिकटलेली निघाली.

पण इतकं सगळं करून मोटर चालू करण्यात अर्थ नव्हता, कारण पिस्टन वितळायचं मूळ कारण दुसरीकडेच होतं. थंड करणारं पाणी ढकलणारा इंपेलर बघितला, पाती धड. पाण्याचे मार्ग मोकळे. प्रत्येक सिलिंडरला वेगळा कार्ब्युरेटर आहे. वरच्याचं मुख्य जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची कळ, उजेडासमोर धरलं तर भोकाऐवजी चंद्रकोर दिसली. उभ्या मोटरमध्ये वाळलेल्या पेट्रोलचा पिवळा राळेसारखा थर. असल्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळे पेट्रोल कमी पडलं की मिश्रण गरम जळतं आणि वर वंगणही आटतं. दुष्काळात तेरावा महिना. दोष माझाच होता, टाकी रिकामी न करता मोटर महिनोन्महिने उभी ठेवली. नवा पिस्टन त्या जेटसकट घातला असता तर त्याचीही तीच गत झाली असती, आणि मी इथे एक चांदणी देऊन किटला शिव्या घातल्या असत्या.

हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, तीन फेऱ्यांत टॉर्क पान्याने आवळले. पहिले १० तास २५:१ मिश्रण (२५ भाग पेट्रोलला १ भाग तेल), तेल टीसी-डब्ल्यू३, म्हणजे पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीचं, वेग सतत कमीजास्त. धूर इतका की भाऊ बोटीच्या नाकाशी जाऊन बसायचा. त्यानंतर मॅन्युअलप्रमाणे ५०:१.

आज ४० तास झालेत. काँप्रेशन वर ११८, खाली ११४. एक्झॉस्टचं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात पाहिलं: रिंगा काडीने दाबल्या की आत जातात आणि सोडल्या की बाहेर येतात, पिस्टनवर उभी रेघ एकही नाही. खालचा मूळ पिस्टन अजून धडधाकट आहे. त्याची पाळी आली की हेच किट घेईन. सर्क्लिपांची जोडी मात्र मूळ कंपनीची आत्ताच आणून खणात ठेवली आहे.