मैदानावरचा क्लास की घरी येणारा ट्रेनर?

कुत्र्याचे पिल्लू घरी येऊन पंधरा दिवस होतात, चपला कुरतडून होतात आणि मग प्रशिक्षणाचा विषय निघतो. शहरात त्यासाठी साधारणपणे तीन सोयी असतात: रविवारी सकाळी भरणारा सामूहिक क्लास, आठवड्यातून दोन-तीनदा घरी येणारा ट्रेनर आणि कुत्रे महिनाभर ठेवून घेणारे केंद्र. यांपैकी तिसरी मला फारशी पटत नाही, कारण तिथे कुत्रे जे शिकते ते तिथल्या माणसांच्या हाताखाली शिकते आणि आपण मात्र होतो तिथेच राहतो.

घरी येणाऱ्या ट्रेनरचा अनुभव आम्ही घेतला आहे. तो आला की आमची कुत्री शहाण्यासारखी बसायची आणि त्याची पाठ वळताच सोफ्यावर चढायची. दोष त्याचा नव्हता. तो शिकवत असताना आम्ही स्वयंपाकघरात चहा करत होतो. शिवाय मी ‘बस’ म्हणायचो, मुलगा ‘सिट’ म्हणायचा आणि आजी ‘खाली बैस गं’ म्हणायची. त्यात जेवताना आग्रहाची पोळी नाकारण्यासाठी म्हटलेले ‘बस, बस’ ऐकूनही ती बिचारी बसायची आणि खाऊ मिळत नाही म्हणून गोंधळायची.

सामूहिक क्लासमध्ये ही पळवाट नसते, कारण दोरी आपल्याच हातात असते. दुसरे म्हणजे घरात शिकलेली आज्ञा कुत्रे बाहेर आपोआप पाळत नाही. इतर कुत्री, मुले आणि स्कूटर आजूबाजूला असताना ती पुन्हा शिकवावी लागते आणि तो सराव मैदानावर मिळतो. मात्र दहा-बारा कुत्र्यांमागे एकच शिक्षक असेल, तर बराच वेळ नुसते उभे राहण्यात जातो. म्हणून पैसे भरण्याआधी एक दिवस कुत्र्याला न नेता क्लास पाहून यावा. कुत्र्यांच्या गळ्यात चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) किंवा काट्यांचा पट्टा दिसला, तर तिथूनच परतावे.

वयाचा मुद्दा नाजूक आहे. पिल्लाला माणसांची आणि जगाची ओळख करून देण्याचा उत्तम काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा असतो, तर लसींचे सुरुवातीचे डोस बहुधा सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेच्या मते सातव्या-आठव्या आठवड्यापासून क्लास सुरू करता येतो, मात्र पहिली लस किमान सात दिवस आधी टोचलेली आणि जंताचे औषध दिलेले असावे. आपल्याकडे पार्व्हो या पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या संसर्गजन्य आजाराची धास्ती असते, म्हणून भटक्या कुत्र्यांचा वावर असलेल्या मैदानापेक्षा धुऊन स्वच्छ ठेवलेली बंदिस्त जागा निवडावी आणि आपल्या पशुवैद्यांना विचारून मगच जावे.

क्लासला जाताना कुत्र्याचे पोट गच्च भरलेले नसावे. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे तुकडे खिशात ठेवावेत आणि हवी ती कृती होताच एक-दोन सेकंदांत एक तुकडा द्यावा. डबा उघडेपर्यंत कुत्रे उठून उभे राहिले, तर बक्षीस उठण्याचे ठरते. आठवडाभर दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटे जिन्यात, पार्किंगमध्ये आणि गेटापाशी सराव केला, तरच रविवारच्या तासाचे पैसे वसूल होतात.

कुत्रे जेवणाच्या भांड्याजवळ गुरगुरत असेल, चावत असेल किंवा दुसरे कुत्रे पाहूनच बिथरत असेल, तर मात्र क्लासचा नाद सोडून घरी येणारा जाणकार ट्रेनर घ्यावा, आणि त्याच्याही आधी दुखणे नाही ना, हे पशुवैद्यांकडून तपासून घ्यावे.