ताज्या काळ्या कोटिंगखाली सडलेला पत्रा: गोव्यात जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

जुनी गाडी घेताना बहुतेक माणसे मीटरचा आकडा, इंजिनाचा आवाज आणि कागदपत्रे पाहतात, आणि विक्रेत्यांना हे पक्के ठाऊक असते. आमची फसवणूक या तिन्हींपैकी कशातही झाली नाही. ती झाली गाडीच्या तळाशी, जिथे गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय नजर पोहोचत नाही.

बार्देशातील एका विक्रेत्याकडून चतुर्थीच्या आधी आम्ही घरासाठी एक हॅचबॅक घेतली. मीटर खरा होता. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधील नोंदींशी तो जुळत होता. परिवहन खात्याच्या पोर्टलवर मालक एकच होता, कर्जाचा बोजा नव्हता, विमा चालू होता. चोगम रस्त्यावर चालवून पाहिली तेव्हा गिअर, क्लच, सस्पेन्शन यांत काहीही खटकले नाही. आरसीवर पत्ता फोंड्याचा असल्याने गाडी समुद्रापासून लांब राहिलेली, हेही मनाला पटले. विक्रेत्याने तर आपणहून सांगितले, “बाब, खालून सगळे कोटिंग नवे मारून दिले आहे, आता गंजाची काळजीच नको.” ज्या गोष्टीने सावध व्हायला हवे, तीच तो जास्तीची सोय म्हणून विकत होता.

पुढच्या जूनमध्ये पुढच्या सीटखालचा गालिचा ओला राहू लागला. त्यानंतर चाक बदलण्यासाठी जॅक लावला, तेव्हा गाडी उचलली जाण्याऐवजी जॅक पॉइंटचा पत्राच आत दुमडला. गॅरेजमध्ये मेस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरने काळा थर खरवडला, तर खाली फायबरच्या जाळीवर रेझिन, त्यावर पुट्टी आणि त्यावर फवारलेले कोटिंग निघाले. मूळ पत्रा हातभर लांबीत जवळजवळ उरलाच नव्हता. आजच्या बहुतेक मोटारी मोनोकॉक बांधणीच्या असतात, म्हणजे त्यांना वेगळी चॅसिस नसते आणि दारांखालची पोकळ सिल, फ्लोअर आणि खांब मिळूनच सगळा भार पेलतात. त्यामुळे हा दोष दिसण्यापुरता नसून अपघाताच्या वेळी जिवावर बेतणारा आहे.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी कोटिंग विकणारे सांगत नाहीत. दारांच्या आणि सिलच्या तळाला पाणी निथळून जाण्यासाठी कारखान्यातच छिद्रे ठेवलेली असतात. आमच्या गाडीवर फवारणी करणाऱ्याने ती सगळी बुजवली होती. पावसाळ्यात आत शिरलेले पाणी आतच राहिले, आणि जो पत्रा अजून शाबूत होता तोही आतून गंजू लागला. किनाऱ्यावरच्या हवेतील मीठ ओलावा ओढून धरते, त्यामुळे पाऊस थांबला तरी पोकळ जागा लवकर सुकत नाही. हल्लीच्या गाड्यांना रुबाबदार दिसण्यासाठी चाकांच्या कमानींवर आणि दारांखाली जे काळे प्लास्टिक चढवतात, त्याच्यामागेही चिखल आणि खारे पाणी साचून राहते. दिसायला ते कितीही छान असले तरी कोकणपट्टीतल्या गाडीसाठी मला ते वाईट डिझाइन वाटते, कारण ते गंज वाढवते आणि वर झाकूनही ठेवते.

आरसीवरच्या पहिल्या मालकांना मी फोन केला, तेव्हा त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले की गाडी फोंड्यात फारशी नसायचीच. ती मांद्रे किनाऱ्याजवळ पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घराच्या अंगणात उघड्यावर उभी असायची आणि तळ सडला म्हणूनच त्यांनी ती स्वस्तात काढली होती. विक्रेत्याला हे माहीत होते. किनाऱ्यावर गाडी नेण्यास गोव्यात बंदी असूनही हंगामात वाळूत रुतलेल्या भाड्याच्या गाड्यांची बातमी येतच राहते, आणि अशा गाड्याही पुढे कोणाच्या तरी दारात येतात, हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा टोकन देण्यापूर्वी गाडी आपल्या ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून पाहावी आणि विक्रेता त्याला राजी नसेल तर तिथेच व्यवहार थांबवावा. कारखान्यातील सीलंटच्या रेषा ठरावीक जागीच असतात. पण कोटिंगचा काळा थर बोल्ट, ब्रेकचे पाइप, रबरी बुश आणि सायलेन्सरच्या क्लॅम्पवरही सरसकट बसलेला असेल, तर तो नंतर घाईने मारलेला आहे असे समजावे. सिलवर लोहचुंबक फिरवला की फायबर आणि पुट्टीच्या जागी तो धरत नाही. बूटमध्ये स्टेपनी काढून खालचा खड्डा पाहावा, दारांचे रबर उपसून कडा पाहाव्यात, गालिचा उचलून हात लावावा आणि निथळीची छिद्रे मोकळी आहेत का, हे तारेने तपासावे. दोन्ही बाजूंच्या जॅक पॉइंटवर गाडी प्रत्यक्ष उचलून घेणे ही सर्वांत खरी परीक्षा, आणि विक्रेत्यांना तीच सर्वांत नकोशी असते.

भरपाईची वाट सोपी नाही. विमा कंपनीकडे जाण्यात अर्थ नव्हता, कारण गंज आणि झीज मोटार विम्यात बसत नाही. विक्रेत्याने डिलिव्हरीच्या कागदावर ‘जशी आहे तशी’ असे छापून सही घेतली होती आणि त्याचे पहिले उत्तरही तेच होते. पण दोष ठाऊक असताना झाकून विकणे वेगळे, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार केली आहे. तिची मुदत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी काढलेले तारखेसह फोटो, गॅरेजचा लेखी अहवाल आणि खरवडून काढलेले फायबरचे तुकडे आम्ही जपून ठेवले आहेत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने परिवहन खात्याचे अधिकारपत्र घेणे आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये पोर्टलवर देणे अपेक्षित आहे. आमच्या विक्रेत्याकडे या दोन्हींपैकी काहीही नव्हते आणि तक्रारीत तो मुद्दाही घातला आहे.